फुटू नका गं!

"फुटू नका गं बायांनो," मायक्रोस्कोपला डोळे लावून हेमांगी कॅन्सरच्या पेशींना विनवत होती. सकाळी घातलेल्या औषधानं त्या फुटल्या, तर ते नुसतंच विष, आणि हिची पीएचडी बोंबलली. आक्रसून स्वतःच स्वतःला संपवलं, तरच ते औषध!

"विष घातलं की उंदीरही मरतो," मागून तिच्या गाईड गुर्जर मॅडमनी टोमणा मारलाच.

तेवढ्यात एक पेशी आक्रसली, अंगावर साबुदाण्यासारखे फुगे आले आणि तिच्या नीट, बारीक पुरचुंड्या झाल्या. मग दुसरी. मग अख्खा घोळका!

"मॅडम, मेल्या!" हेमांगी किंचाळली.

मॅडमनी तिला बाजूला सारलं. तेच औषध घातलेल्या निरोगी पेशी आधी तपासल्या. सगळ्या धडधाकट! मग ही कॅन्सरच्या पेशींची डिश. मायक्रोस्कोपवरून डोळे न काढताच त्या ओरडल्या, "अरे, सगळे या इकडे! हेमांगीच्या पोरी काय झकास मरतायत!"