राहत्या घराचं पत्र

“हे नाही चालणार, काका.” कारकुनानं ओळखपत्र काउंटरवरून परत सरकवलं. “फोटो तुमचाच आहे, पण पत्ता दुसऱ्या गावचा. इथं कुठं राहता त्याचा पुरावा लागेल.”

समोरचे गृहस्थ सत्तरीच्या आसपासचे. या आठवड्यातली त्यांची ही तिसरी फेरी. पहिल्यांदा त्यांनी बँकेचं पासबुक आणलं होतं, दुसऱ्यांदा दवाखान्याचा कागद. तिन्हींवर तोच जुना पत्ता.

“इथं मी नात्यातल्यांकडे असतो,” ते म्हणाले. “माझ्या नावाचं बिल कुठून आणू?”

“मग त्यांचं पत्र आणा. हा माणूस माझ्या घरी राहतो, एवढं लिहून खाली सही. सोबत त्यांच्या घराचं विजेचं बिल.”

दुकान बंदुकांचं होतं, पण कारकुनाची गाठ फक्त कागदांशी. बंदूक दाखवायची मालकानं आणि कागद तपासायचे यानं, अशी वाटणी होती. एक कागद कमी असला तर हा माणूस देवालाही परत पाठवील, अशी त्याची ख्याती. मालक गिऱ्हाइकांना हसत सांगायचा, “याची सख्खी आई आली, तरी तिलाही हा घराचा पुरावा मागेल.”

पूर्वी तो असा नव्हता. पूर्वी त्याचा कारभार ‘चालतंय हो’ असाच असायचा. गेल्या वर्षी एका शनिवारी, दुकान आवरायच्या वेळेला, पंचविशीचा एक तरुण आला. मोठा लाघवी. त्याचंही ओळखपत्र बाहेरगावचं, इथं तो कुणाच्या तरी घरी राहत होता. “पत्र आणून देतो की दादा, मी काय पळून चाललोय? उद्या नेमबाजीच्या क्लबात पहिला दिवस आहे,” असं म्हणाला. कारकुनाला घरी जायची घाई होती. त्यानं पत्राच्या रकान्यात खूण केली, सही ठोकली आणि मालकानं ती सही बघून बंदूक दिली. पोरगा शब्दाला जागला. पत्र आलं, पण पाच दिवसांनी. कारकुनानं घडीसुद्धा न उलगडता ते फाइलीत लावून टाकलं.

तीन आठवड्यांनी पोलीस आले. त्या तरुणानं स्वतःचा जीव घेतला होता. अधिकाऱ्यानं फाइल चाळली आणि म्हणाला, “कागद चोख आहेत तुमचे.” त्या संध्याकाळी मालकानं कारकुनाची पाठ थोपटली. ती शाबासकी त्याला अजून पचलेली नव्हती. बायकोलाही त्यानं हे सांगितलं नाही. तेव्हापासून तो प्रत्येक कागद उजेडात धरून बघायचा. बैल गेला नि झोपा केला, हे त्याचं त्यालाही कळत होतं, पण दुसरं काय करावं हे सुचत नव्हतं.

आणि आता हे गृहस्थ. त्यांनी तीन फेऱ्यांत एकदाही भिंतीवरच्या बंदुकांकडे मान वळवून पाहिलं नव्हतं. हौशी माणूस आधी बंदूक हातात घेतो, खांद्याला लावून बघतो, भाव ऐकून नाक मुरडतो. यांचं सगळं लक्ष कागदांवर. शर्टाचं वरचं बटण चुकीच्या काजात, दाढी दोन दिवसांची. यांना द्यायची नाही, कारकुनानं मनाशी ठरवलं. काही झालं तरी नाही.

“काका, घरी सगळं ठीक ना?” त्यानं आवाज खाली आणून विचारलं.

“ठीक म्हणायचं. बहीण असते घरी. नीट जेवत नाही, तिचं बघावं लागतं.”

“मग तिच्याकडे बघा. बंदूक कशाला हवी या वयात?”

गृहस्थ काउंटरवरचं ओळखपत्र सरळ करत म्हणाले, “समजा, त्या घरवाल्यानं पत्र दिलंच नाही, तर?”

“तर बंदूक नाही.”

“गिऱ्हाईक कितीही हातापाया पडलं तरी?”

“तरी नाही.”

“खरं सांगा हो.” ते काउंटरवर थोडे वाकले. “एखादा गोड बोलणारा येतो. आपल्याला वाटतं, देऊन टाकू, पत्र काय, येईल मागून. माणूस आहे, होतं असं. मी कुणाला सांगणार नाही. एकदा तरी दिली असेल ना?”

त्यांच्या आवाजात अजिजी होती. पलीकडच्या टेबलावर नळी पुसणाऱ्या मालकाचा हात थांबला. कारकुनाचे कान तापले. खरं अगदी जिभेवर आलं होतं. पण खरं बोललं तर नोकरी जाणार, कदाचित दुकानही. शिवाय यांना तेवढीच फट सापडायची.

“नाही, काका,” तो म्हणाला. “पत्र हातात पडल्याशिवाय या दुकानातून बंदूक गेलेली नाही. एकदाही नाही.”

मालकानं समाधानानं मान डोलावली आणि पुन्हा नळी पुसायला घेतली. कारकुनाला स्वतःची लाज वाटली. पण खोटं बोलून का होईना, या वेळी एक जीव वाचवला, असंही त्याला वाटलं. वर्षभरात पहिल्यांदाच त्याला जरा हलकं वाटत होतं.

गृहस्थांनी ओळखपत्र उचलून खिशात ठेवलं.

“बंदूक मला नकोच होती, नि इथलं घरही माझंच आहे,” ते म्हणाले. “गेल्या वर्षी माझ्या भाच्याला ते पत्र मीच लिहून दिलं. आधी नाही म्हणत होतो, त्यानं फारच लकडा लावला तेव्हा गुरुवारी दिलं. वर्षभर मी मनाची समजूत घालत होतो, की पत्र नसतं तरी तुम्ही त्याला दिलीच असती.”