उस्तांचा हात

"डिस्क शून्य, डिस्क एक, डिस्क दोन," जारलिक-उस्तांनी पडद्यावरून मोठ्याने वाचलं आणि एंटरच्या कळीवरचं बोट उचललं. "कनिशाय, तू वाच बघू. जुनी कुठली?"

"एक, पापा."

"नक्की?"

"नक्की."

तरीही त्यांनी कळ दाबली नाही. खुर्ची मागे सरकवून लेकीला जागा करून दिली. "तूच दाब. माझ्या हाताचा आता भरवसा नाही."

तिने दाबली. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं वर सरकू लागली. हरवलेलं पार्टिशन, डिस्कचा पाडलेला एक भाग, शोधण्याची ही तीन वर्षांतली कितवी खेप होती, ते दोघांनीही मोजायचं सोडलं होतं.

कोचकोर गावाच्या बसथांब्याशेजारी, एका लोखंडी खोलीत, उस्तांनी एकोणीस वर्षं लोकांचे कॉम्प्युटर दुरुस्त केले; म्हणून तर ते उस्ता, म्हणजे कसबी कारागीर. उंदराच्या हाती कोठार देऊ नये म्हणत आणि माउसला हात लावत नसत. हुकूम टाइप करूनच डिस्कचे भाग पाडत, जोडत, पुसत. एकाही गिऱ्हाइकाचा एकही फोटो त्यांच्या हातून गेला नाही.

गेलं ते त्यांचं स्वतःचं. घरातलं माणूस गेलं की बायका गाऊन रडतात, त्या गाण्याला कोशोक म्हणतात. तरुणपणी खांद्याला टेपरेकॉर्डर अडकवून उस्ता खोरंभर हिंडले होते आणि म्हाताऱ्या बायकांचे कोशोक त्यांनी भरून घेतले होते. कॅसेटींना बुरशी लागली तेव्हा सगळं डिस्कवर उतरवलं. मग एके दिवशी पाहिलं, तर ते पार्टिशन नव्हतंच. त्या जागी नवं, कोरं पार्टिशन आखलेलं.

पार्टिशन पुसलं तर दारावरची पाटी तेवढी जाते, माल आतच असतो. लगेच कळलं तर तासाभराचं काम. पण उस्तांच्या ध्यानात यायला आठवडा लागला, आणि तो आठवडाभर ते त्याच डिस्कवर गिऱ्हाइकांची लग्नं आणि वाढदिवस उतरवत राहिले होते.

त्यांच्या खुर्चीवर दुसरं कोण बसणार? त्यांनी स्वतःलाच दोषी धरलं. बिश्केकच्या डॉक्टरने डोकं तपासून वयाच्या मानाने ठणठणीत असल्याचं सांगितलं, तेही त्यांना पटलं नाही. त्या हिवाळ्यात त्यांनी खोली विकून टाकली.

शाकिन एजे, त्यांची थोरली बहीण, तळलेल्या बोर्सोक-पुऱ्यांची परात घेऊन आत आली. "उठ रे. बायको होती तेव्हा तिच्याकडे इतकं बघितलं असतंस, तर बिचारी चार वर्षं जास्त जगली असती."

"ती हुकूम ऐकत नसे, एजे."

"ऐकणार कशी? तू बोलायचास कधी?"

उस्ता हसले. तेवढ्यात पडदा थांबला. एक फाइल हाती लागली होती. दोन सेकंदांची. त्यांनी आवाज वाढवला. कुणीतरी बाई श्वास घेत होती. पुढे काहीच नव्हतं.

"बुरकान आजी," ते म्हणाले. पुन्हा लावली. पुन्हा ऐकली. "गायच्या आधी अशीच थांबायची."

एजे परात ठेवून बाहेर गेली.

"चुकलो याचं दुःख नाही गं," उस्ता पडद्याकडे बघत म्हणाले. "सगळेच चुकतात. दुसरी डिस्क जोडली की नंबर बदलतात, घाईत पाहिलं नसेल. पण तो हुकूम दिल्याचं आठवूच नये? सकाळी काय खाल्लं ते आठवतं. तुझ्या आईच्या शालीचा रंग आठवतो. तेवढंच नेमकं नाही. आणखी काय काय करून बसलो असेन आणि आठवत नसेल, कुणी सांगावं?"

कनिशायच्या ओठांवर एक वाक्य आलं. तीन वर्षं ते दर खेपेला येत होतं.

"पापा."

"काय?"

"चहा गार झाला. दुसरा आणते."

सकाळी उस्ता उठले नाहीत. झोपेतच हृदय थांबलं होतं.

अंगणात युर्ता, नमद्याचा गोल तंबू, उभारला. बाहेर काठ्यांवर रेलून पुरुष मोठ्याने रडत होते. आत पडद्यामागे उस्ता होते आणि पडद्याअलीकडे बायका नमद्याच्या भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. एजेने कनिशायला आपल्याशेजारी बसवून घेतलं.

"सूर लाव."

"मला येत नाही, एजे."

"बाप जन्मभर हेच गोळा करत हिंडला, आणि लेकीला येत नाही?"

कनिशायने मान खाली घातली. एजेने तिच्या पाठीवर हात ठेवला. एजेचा आवाज उतरला. "गाता येत नसेल तर नुसतं बोल, पोरी. कसा होता ते सांग. पण मोठ्याने. त्याची लेक गप्प बसली असं नको व्हायला."

"पापा," कनिशाय म्हणाली. "तुमचा हात कधीच चुकला नाही."

बायकांनी हुंकार भरला. गेलेल्या माणसाची अशी स्तुती करायचीच असते.

"त्या शनिवारी तुम्ही मेंढ्यांच्या बाजारात गेला होतात. माझी डिस्क जोडून तुमच्या खुर्चीवर मी बसले होते. नंबर मी चुकले. पार्टिशन मी पुसलं, आणि कळू नये म्हणून नवं आखलं."

एजेचा हात तिच्या पाठीवर तसाच राहिला.

"संध्याकाळी तुम्ही आलात तेव्हा सांगितलं असतं, तर गाणाऱ्या सगळ्याजणी परत आल्या असत्या. मी तुम्हाला जेवायला वाढलं." तिने नमद्यावर कपाळ टेकलं. "तुम्हाला आठवत नव्हतं, पापा, कारण तुम्ही ते केलंच नव्हतं."