पाचची धून

इस्रायलहून टोकियोला विधवा सुनेकडे आल्यापासून सिपोराबाईंना कुठंतरी पाणी मुरतंय असं वाटत होतं. रोज संध्याकाळी पाचला गल्लीतल्या सरकारी लाऊडस्पीकरवर धून वाजली, की सून हातातलं काम टाकून बाल्कनीत धावायची. खाली कोण असतं? आज इस्रायलच्या हुतात्मा सैनिकांचा स्मृतिदिन. लढाईत गेलेल्या लेकासाठी मेणबत्ती तेवत होती आणि ही बया सूर्यास्तानंतर लगेच सुरू होणाऱ्या तिकडच्या स्वातंत्र्यदिनासाठी मटणाला मसाला चोळत होती! पाच वाजले. फोनवर तिकडचा, सकाळी अकराचा श्रद्धांजलीचा भोंगा सुरू झाला, बाहेर तीच धून. सून बाल्कनीत स्तब्ध उभी राहिली. बाईंनी मागून खाली डोकावलं. खेळ टाकून पोरं घरी निघाली होती, बाकी कुणी नव्हतं. भोंगा थांबल्यावर सून म्हणाली, “ही धून मुलांना घरी बोलावते, आई. सगळे परततात का, ते बघते.” बाई मटणाकडे वळल्या. “मिरची कमी पडलीय. त्याला झणझणीत लागायचं.”