जाळ्याची सावली

परसातल्या माडावर घार येऊन बसायला लागली, तसं हिरकणीने नवऱ्याचं जुनं मासेमारीचं जाळं अख्ख्या परसावर ताणून बांधलं. चिकू म्हणजे सुपात मावेल एवढंसं कुत्रं. नवरा गेल्यापासून वरोरच्या त्या घरात तिचं बोलणं ऐकायला दुसरं होतं कोण?

दुपारी जाळ्याची सावली खाली उतरे. पिंपावर, काठीवर सुकत घातलेल्या बोंबलांवर, हिरकणीच्या हातांवर बारीक बारीक चौकोन पडत.

चिकूवर मात्र एकही पडत नव्हता.

जाळं फाटलं असेल म्हणून तिने स्टुलावर चढून ते चाचपलं. जाळी विणण्यात जन्म गेलेली तिची बोटं, पण त्यांना कुठे भोक लागलं नाही. चिकूला तिने इकडेतिकडे सरकवून पाहिलं. त्याचं अंग उन्हात लख्खच.

शेजारची सुषमा मासळीची पाटी घेऊन बाजाराला निघाली होती.

"सुषमा, बघ गो, ह्याच्यावर जाळ्याची सावलीच नाय पडत."

"काकी, चार दिवस लेकाकडे जाऊन ये. एकटीला कायपण दिसतं तुला," म्हणत ती न थांबता निघून गेली.

घार चिकूवरची नजर हटवत नव्हती. हिरकणीने त्याला झटकन उचलून पोटाशी धरलं.

"भिऊ नको रे. मी हाय ना."

तेवढ्यात तिचं लक्ष स्वतःच्या हातांकडे गेलं. मनगटावरचे चौकोन विरत चालले होते. बघता बघता दंड, पदर, पाय, सगळं उन्हात लख्ख झालं. वर जाळं होतं तसंच ताणलेलं होतं.

माडावरच्या घारीने चिकूवरची नजर काढली आणि हिरकणीवर ठेवली.