तेवीस मुलांचं पहिलं पाऊल

बाळ सांभाळायला म्हातारी बाई ठरली. असो, हे तुम्ही अजून ऐकलेलं नाही. अजून तरुण बाई आणि म्हातारी बाई सोफ्याच्या दोन टोकांना बसल्या आहेत, मधे बाळ पालथं पडून उशीचं टोक चघळतंय, आणि उद्या सकाळी दहाला त्याची आई सहा महिन्यांची रजा संपवून कचेरीत अर्ज घ्यायच्या खिडकीवर बसणार आहे.

बाळाच्या बाबांनी तक्ता आखला होता. तरुण बाईला चपळाईचे दहापैकी नऊ मिळाले. म्हाताऱ्या बाईचे गुडघे बसतानाच इतके वाजले, की बाबांनी न विचारता तीन लिहून टाकले. मग, उगाच अन्याय नको म्हणून, विचारलं.

"मावशी, बाळामागे पळता येईल?"

"त्याला तरी येऊ दे आधी. तोवर मीच पुढे आहे."

बाबांनी तिनाचे चार केले.

आई काही बसत नव्हती. खिडकी उघडत होती, लावत होती. धुतलेली बाटली पुन्हा धुऊन आली आणि हात पुसता पुसता एकदम म्हणाली, "मी कामावर असताना याने पहिलं पाऊल टाकलं तर?"

"लग्गेच व्हिडिओ पाठवीन, ताई," तरुण बाई म्हणाली. "दोन बाजूंनी काढीन. जेवायच्या सुट्टीत बघा तुम्ही."

मुलगी गुणाची होती. बाबांनी दहापैकी अकरा दिले.

"आणि मावशी, तुम्ही?"

"मी नाही सांगणार."

"म्हणजे?"

"संध्याकाळी तुम्ही आलात की त्याला भिंतीशी उभं करीन. म्हणेन, अहो बाळाच्या आई, बघा तरी, काय चाललंय याचं! तेवीस मुलं पायावर उभी केली मी. माझ्यासमोर एकही पहिल्यांदा चाललेलं नाही."

बाबांचं पेन थांबलं. याला रकाना नव्हता.

"आणि त्यांना खरं वाटायचं?" तरुण बाईने विचारलं.

"टाळ्या वाजवायच्या. मीही वाजवायचे. जरा जास्तच."

"अहो, मग हे मला आत्ता कशाला सांगितलंत?" आईचा आवाज चिरकला. "आता मी काय करू?"

"आजवर कुणी विचारलं नव्हतं."

आईने खिडकी उघडली. लावली.

"उद्या सव्वानऊला या, मावशी," ती म्हणाली. "आणि मी काही विचारलेलं नाही."

दोघी गेल्यावर ती जमिनीवर पालथी झाली, बाळाला समोर घेतलं आणि कचेरीच्या खिडकीवरच्या कोरड्या आवाजात म्हणाली, "अर्जदार उद्यापासून सकाळी साडेनऊ ते सायंकाळी सहा या वेळेत गैरहजर राहील. तरी सदर वेळेत आपण मोठे होऊ नये, ही नम्र विनंती."