तिसरं दुकान

आत्या काल भावाकडे राहायला आली, तेव्हापासून भाचा काही दृष्टीस पडला नव्हता. “झोपलाय,” “अभ्यास करतोय,” एवढंच वहिनी सांगत होती. आणि आज त्याच्यासाठी व्हिडिओ गेम घ्यायचा म्हणून तिने नणंदेला भर उन्हात गावभर हिंडवलं होतं.

मॉलमधली मुलगी म्हणाली, “इथेच पैसे भरा, गेम आपोआप घरच्या टीव्हीवर येईल.” वहिनीने नाक मुरडलं. बाजारातला दुकानदार तर वापरलेली डिस्क निम्म्या किमतीत, तीही घरपोच द्यायला तयार होता. तिथूनही ती तडक उठली.

तिसऱ्या दुकानासाठी बस बदलावी लागली. काचेवर धूळ, पंखा बंद, आणि मालक भलताच तिरसट.

“घरपोच वगैरे थेरं इथे चालत नाहीत,” तो मान वर न करताच म्हणाला. “ज्याला खेळायचंय त्याने स्वतः यायचं, माझ्यासोबत एक डाव खेळायचा, मगच गेम मिळेल. आणि भाव कमी होणार नाही.”

“चल वहिनी, याला गिऱ्हाईकच नकोय!” पाय दुखून मेटाकुटीला आलेली आत्या करवादली.

वहिनी मात्र जागची हलली नाही. तिने दोन्ही हातांनी काउंटर घट्ट धरला होता.

 

“वर्ष झालं हो, माझा मुलगा खोलीबाहेर आला नाहीये,” ती मालकाला म्हणाली, “मला असा एखादा गेम सांगा ना, जो तुमच्याशिवाय दुसरीकडे कुठेच मिळत नाही.”