मेजरांचा शिपाई

१९९२ साली इराकमधली शस्त्रं तपासणाऱ्या युनोच्या पथकातून बहरीनला आलेले स्वीडिश मेजर एकलुंड यांची गाडी साताऱ्याचा हणमंत चालवायचा. परत जाताना मेजरनी त्याच्या मुलासाठी, रणजितसाठी, स्वतःचं होकायंत्र दिलं आणि निरोप धाडला, "सैनिक हो."

मायदेशी गेल्यावर मेजरनी वर्दी उतरवली आणि तिथल्या परंपरावादी पक्षाकडून निवडणूक लढवून ते खासदार झाले. रणजित मात्र अठराव्या वर्षी खरोखरच भरती झाला.

१९९९च्या ऑक्टोबरात खासदार एकलुंड शिष्टमंडळासोबत बहरीनला आले. विमानतळावर न्यायला आलेला हणमंत दिसताच त्यांनी त्याला मिठी मारली.

"मुलगा काय करतो?"

"फौजेत गेला, साहेब."

एकलुंड हरखले. सोबतच्यांना म्हणाले, "बघा, याचा मुलगा म्हणजे माझा शिपाई!"

मग ते हणमंतकडे वळले.

"मी वर्दी सोडली ती बायकोसाठी," एकलुंड हळूच म्हणाले. "काळजीनं तिला झोप लागायची नाही. पण रणजितला सांग, तू सोडू नकोस."

"नाही सोडणार, साहेब." हणमंतने त्यांची बॅग उचलली.



रणजित जूनमध्येच कारगिलला कामी आला होता.